फ्लॅटमध्ये अंतर्गत समिती कुठून आणायची?

महोदय,

कालच्या अंकात कामगार स्त्रियांच्या लैंगिक छळावर अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आभार. पण शेजारच्या चौकटीत 'घरकामगार महिलांनी अंतर्गत समितीकडे दाद मागावी' हा सल्ला वाचून कपाळावर हात मारला. ही म्हणजे छळाच्या तक्रारी ऐकायला मालकाने कामाच्या जागीच नेमायची समिती. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती कुठून आणायची? मालकीणबाई अध्यक्ष आणि साहेब सदस्य?

कामाला दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर कामाच्या जागच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तालुक्याच्या किंवा वॉर्डाच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारी घ्यायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, दिली तरी चालते. त्याने ती सात दिवसांत पुढे पाठवायची असते. घटनेपासून मुदत तीन महिने, सबळ कारण असल्यास आणखी तीन. तक्रारीच्या सहा प्रती, सोबत साक्षीदारांची नावं-पत्ते. एवढं चौकटीत सहज मावलं असतं.

लेखकमहाशय शेवटी 'कामगार संघटनांनी पुढाकार घ्यावा' असं म्हणून मोकळे झाले. घ्यावा, पण कुठून? कारखान्याच्या अंतर्गत समितीवरचे सगळे सदस्य मालक नेमतो, बाहेरच्या संस्थेतला सदस्यसुद्धा. युनियनला त्या टेबलावर कायद्याने खुर्चीच दिलेली नाही. ती करारातूनच मिळवावी लागते. आपल्याकडच्या मागणीपत्रांत पगारवाढ, बोनस, कँटीन सगळं असतं. ही खुर्ची मात्र सहसा नसते.

तमिळनाडूत दिंडीगुलच्या कपडा कारखान्यात युनियनने देखरेखीचा हक्क असाच करारातून भांडून मिळवला. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या एका तरुण दलित कामगार मुलीचा खून झाला, आरोप सुपरवायझरवर. त्यानंतर स्त्रियांच्या नेतृत्वाखालच्या युनियनने एप्रिल २०२२ मध्ये कारखान्याची मालक कंपनी ईस्टमन एक्सपोर्ट्सशी करार केला आणि माल घेणाऱ्या एच अँड एम या परदेशी कपडा ब्रँडलाही बांधून घेतलं. कारखान्याने करार मोडला तर ब्रँडने ऑर्डरवर कात्री चालवायची. युनियनने तयार केलेल्या कामगार बायकांनीच शिलाईच्या लाइनवर लक्ष ठेवायचं ठरलं, आणि जातीवरून होणारा छळही त्यात धरला.

लक्ष लाइनवरच का, हे शिलाईखात्यात काम केलेल्याला सांगायला नको. बाई बोलली की दुसऱ्या दिवशी तिचं मशीन बदलतं. खिसा लावणारीला कॉलरवर बसवायचं, तासाचं टार्गेट तेच ठेवायचं, पीस कमी पडले की मेमो. समितीला चौकशीसाठी नव्वद दिवस असतात. तेवढ्यात कागदोपत्री बाई कामचुकार ठरलेली असते. यावर उपाय नियमांतच आहे: चौकशी चालू असताना आरोपीला तिच्या कामाचा अहवाल लिहू देऊ नये, तिची किंवा त्याची बदली करावी, किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा द्यावी. फक्त हे तिने लेखी मागावं लागतं, आणि नेमकं तेच तिला कोणी सांगत नाही. युनियनवाल्यांनी तक्रार लिहून देताना त्याच दिवशी हा दुसरा अर्जही लिहून द्यावा. 'सिद्ध झालं नाही तर तुझ्यावरच कारवाई होईल' असं घाबरवलं जातं, तेही साफ खोटं. पुरावा कमी पडला म्हणजे तक्रार खोटी ठरत नाही, असं कायद्यातच लिहिलंय.

जाता जाता आणखी एक. दरवेळी कोपऱ्यात गुडघ्यांत तोंड खुपसून बसलेल्या बाईचं तेच चित्र का छापता? त्याऐवजी समिती नेमल्याच्या आदेशाचा फोटो छापा. तो कामाच्या जागी ठळक दिसेल असा लावणं याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे. शोधायला लांब जायला नको, आपल्या कार्यालयाच्या भिंतीवर असेलच म्हणा.

— एक वाचक, पिंपरी