मोटरहोमच्या नावाखाली कारचा आराखडा विकल्याबद्दल तक्रार

चिपळूण, जि. रत्नागिरी
दि. २३ जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, पुणे कार्यालय

विषय : आयर्लंडमधील ‘वाइल्ड अटलांटिक वे’वरच्या २१ दिवसांच्या मोटरहोम प्रवासाचं सदोष नियोजन, शुल्क परत मिळण्याबाबत आणि आराखडा तातडीने दुरुस्त करण्याबाबत.

महोदय,

मी एसटीच्या चिपळूण आगारातून निवृत्त झालेला चालक आहे. ३१ वर्षं गाडी चालवली, त्यातली बरीचशी कराड मार्गावर, कुंभार्ली घाटातून. हे आधीच सांगतो, कारण खाली लिहिलेलं हौशी प्रवाशाची कुरकुर समजून बाजूला ठेवलं जाऊ नये.

माझी मुलगी गॉलवेला नर्स आहे. तिने आम्हा दोघांना बोलावलं तेव्हा मी एकच गोष्ट मागितली : तिथला पश्चिम किनारा खालपासून वरपर्यंत स्वतः मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, चालवत बघायचा. दक्षिणेला किन्सेल, उत्तरेला मालिन हेड, मधे नऊ काउंट्या (तिथले जिल्हे) आणि सुमारे २,५०० किलोमीटरचा रस्ता. २०१४ साली आयर्लंडच्या पर्यटन खात्याने हा मार्ग आखून निळ्या पाट्या लावल्या. जन्म कोकणात गेला, समुद्राच्या कडेकडेने गाडी नेणं मला नवीन नाही. पण परका देश, कॅम्पसाइटची आरक्षणं, व्हिसाचे नियम, हे सगळं जाणकारांच्या हाती द्यावं असं घरात ठरलं. म्हणून जानेवारीत आपल्याकडे ३८,५०० रुपये भरले. पावतीवर ‘मोटरहोम मार्ग नियोजन’ असे शब्द आहेत. गाडीचं भाडं वेगळं.

बुकिंगच्या वेळी मी आपल्या प्रतिनिधीला गाडीची मापं लिहून दिली होती : लांबी ७ मीटर, रुंदी २.३ मीटर, उंची ३ मीटर, भरलेल्या गाडीचं वजन ३,५०० किलो. तो ईमेल जोडला आहे. आपला आराखडा हातात आल्यापासून परत येईपर्यंत या चार आकड्यांपैकी एकही आकडा त्यात वापरलेला मला दिसला नाही. माझी तक्रार मुळात एवढीच आहे. आपण कारसाठी केलेल्या आराखड्यात ‘कार’च्या जागी ‘मोटरहोम’ लिहिलंत.

सहाव्या दिवसाचं पान उघडून बघा. केनमेअरहून निघून रिंग ऑफ केरी, मग डिंगल, मग स्ली हेडचा फेरा, मग कॉनर पासवरून ट्रॅली. एकूण २९० किलोमीटर, वेळ सहा तास. नकाशावरचं अ‍ॅप कारला जो वेळ दाखवतं तो आपण तसाच उतरवला आहे. त्यात डिझेल, जेवण, समोरून आलेल्या गाडीसाठी थांबणं, गाडी मागे घेणं यातलं काहीच नाही. जो समुद्र बघायला एवढ्या लांब गेलो त्याच्यापाशी उतरायलाही वेळ नाही.

रिंग ऑफ केरीवर टुरिस्ट बसगाड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात : किलार्नीहून निघतात, किलॉर्ग्लिन, काहरसिव्हीन, वॉटरव्हिल, स्नीम करत केनमेअरला येतात. मोठ्या गाडीने त्यांच्याच दिशेने जावं किंवा पहाटे निघून अरुंद टप्पा त्यांच्या आधी पार करावा, हे तिथल्या कुठल्याही चालकाला ठाऊक आहे. आपण आम्हाला केनमेअरहून सकाळी दहाला उलटं पाठवलंत. वॉटरव्हिलच्या अलीकडे, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दगडी कठडा असलेल्या वळणांवर, एकामागून एक अकरा बस समोर आल्या. दोनदा मला गाडी मागे घ्यावी लागली. जमलं, कारण हे काम मी आयुष्यभर केलं आहे. त्या बसच्या चालकांनी स्टिअरिंगवरून एक बोट वर करून मला नमस्कार केला, घाटात आम्ही एसटीवाले एकमेकांना हात करतो तसा. तो क्षण मी विसरणार नाही. पण माझ्या जागी पहिल्यांदाच सात मीटरची गाडी हातात घेतलेला पुण्याचा एखादा तरुण असता, बाजूला बायको आणि मागे दोन लहान मुलं असती, तर त्याने काय केलं असतं?

त्यानंतर कॉनर पास. हा विषय मला सविस्तर लिहायलाच हवा.

कॉनर पास हा डिंगल द्वीपकल्पावरचा साडेचारशे मीटर उंचीचा घाट. उत्तरेच्या उतारावर एका बाजूने खडक रस्त्यावर आलेला आहे आणि एका वेळी एकच गाडी जाईल एवढीच जागा आहे. म्हणून २ टनांहून जड वाहनांना तिथे बंदी आहे. पायथ्याशीच तसे फलक आहेत. आमची गाडी साडेतीन टनांची. संध्याकाळचे सहा वाजले होते, पाऊस आणि धुकं होतं. फलक बघून मी गाडी बाजूला घेतली आणि आपल्या ‘२४ तास मदत’ क्रमांकावर फोन केला. दोनदा कुणी उचलला नाही. पुण्यात रात्रीचे साडेदहा झाले असणार. तिसऱ्यांदा एका मुलाने उचलला. त्याचं उत्तर मी तसंच लिहितो : “काका, मॅप रस्ता दाखवतोय ना? मग जाईल गाडी.”

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. पण मी त्याचं ऐकलं असतं तर वर त्या चिंचोळ्या तुकड्यात समोरून आलेल्या गाडीपुढे अडकलो असतो, आणि अपघात झाला असता तर बंदी असलेल्या रस्त्यावर गाडी नेली म्हणून विमा कंपनीने हात वर केले असते. मी गाडी वळवली. अनास्कॉल आणि कॅम्प या गावांवरून एन ८६ हा चांगला रुंद रस्ता थेट ट्रॅलीला जातो. आपल्या २६ पानांत तो कुठेही नाही. पोचलो तेव्हा कॅम्पसाइटचं ऑफिस बंद झालं होतं. पत्नीने तोपर्यंत एक शब्द काढला नव्हता. गाडी उभी केल्यावर म्हणाली, “तुम्ही होता म्हणून.” ३१ वर्षांत घरच्या माणसाला माझ्या गाडीत भीती वाटली, असं पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी आपल्या आराखड्याप्रमाणे लिमरिकला वळसा घालून मोहरच्या कड्यांकडे जायचं होतं. पेट्रोल पंपावर एका बसचालकाने विचारलं, “टार्बर्टची फेरी का घेत नाही?” शॅनन नदीच्या मुखावर टार्बर्ट ते किलिमर अशी फेरीबोट आहे. वीस मिनिटांत पलीकडे, वळसा वाचतो १३७ किलोमीटरचा, आणि मोटरहोमही घेतात. आमच्या दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर गाडी चढवावी तशी मी ती चढवली. किनाऱ्याच्या प्रवासाचं नियोजन करणाऱ्याला खाडी कुठे ओलांडायची हे माहीत नसेल तर त्याने पैसे कशाचे घेतले?

मुक्कामाबद्दल. आपण चार रात्रींपुढे ‘समुद्रकिनारी मोफत पार्किंगमध्ये मुक्काम’ लिहिलं आहे. आयर्लंडमध्ये असा सरसकट हक्क नाही. खासगी जागेत मालकाची परवानगी लागते, आणि किनाऱ्यावरच्या पुष्कळ सार्वजनिक वाहनतळांवर रात्री थांबायला स्थानिक कायद्याने मनाई आहे. अनेक ठिकाणी तर तोंडाशीच उंची रोखणारी लोखंडी कमान आहे, आपल्याकडे रेल्वेपुलाखाली असते तशी. क्लेअरमध्ये अशा कमानीसमोर आम्ही रात्री नऊला उभे होतो. तिकडे उन्हाळ्यात दहापर्यंत उजेड असतो म्हणून निभावलं. मोकळ्या रानात मुक्काम करायचा हक्क नॉर्वेत आहे. तिथल्या एखाद्या सहलीचा मजकूर इथे चिकटवला गेला असावा, अशी मला शंका आहे. खुलासा करावा.

आपण आरक्षित केलेल्या जागांपैकी दोन जागा तंबूच्या निघाल्या : नुसतं गवत, विजेची जोडणी नाही. मालक भले होते, त्यांनी दुसरी जागा दिली, पण जादा ६४ युरो भरावे लागले. पावत्या जोडल्या आहेत. संडासाची कॅसेट (मैला साठणारी, काढता येणारी टाकी) दर दोन-तीन दिवसांनी कुठे रिकामी करायची, सांडपाणी कुठे सोडायचं, १०० लिटरची पाण्याची टाकी कुठे भरायची, याबद्दल आराखड्यात एक ओळ नाही. मोटरहोममध्ये राहणाऱ्या माणसाचा अर्धा दिवस याच हिशेबावर ठरतो. माझ्या पत्नीने पहिल्या आठवड्यातच वहीत त्याचा तक्ता केला आणि पुढचे मुक्काम आम्ही त्या वहीवर ठरवले.

पहिल्या दिवसाबद्दलही लिहितो. मुंबईहून रात्रभर प्रवास करून, मधे विमान बदलून दुपारी डब्लिनला उतरलेल्या माणसाला आपण त्याच दिवशी गाडी ताब्यात घेऊन २८५ किलोमीटरवरच्या किन्सेलला जायला सांगितलंत. नुसती गाडी समजून घ्यायला दीड तास गेला : गॅस, पाणी, वीज, संडास. झोप न झालेल्या चालकाला आम्ही आगारातून गाडी बाहेर काढू देत नसू. मी डब्लिनजवळच मुक्काम केला. त्यामुळे किन्सेलची आगाऊ भरलेली रात्र बुडाली.

ग्रामीण भागातल्या ‘एल’ क्रमांकाच्या रस्त्यांवरची वेगमर्यादा ७ फेब्रुवारी २०२५ पासून ८० वरून ६० किलोमीटर झाली. आपला एप्रिलचा आराखडा ८० म्हणतो. गेल्टाख्त, म्हणजे आयरिश बोलणाऱ्या गावांच्या पट्ट्यात, पाट्या फक्त आयरिशमध्ये असतात. डोनेगलमध्ये आपण आम्हाला ‘डंगलो’ शोधायला लावलंत. पाटीवर ‘अन क्लोखान लिया’ असतं, दोन्ही नावांचा एकमेकांशी काही मेळ नाही. तिथे ‘वाट द्या’ हा फलकसुद्धा आयरिशमध्ये आहे. त्या लोकांनी आपली भाषा पाटीवर जपली याचा मला आदरच वाटला. दोन्ही नावं शेजारी शेजारी छापायला आपल्याला काय लागत होतं?

स्केलिग मायकलबद्दल लिहिताना मात्र वाईट वाटतं. केरीच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात उभा राहिलेला तो खडक, जुन्या काळच्या ख्रिस्ती साधूंनी तिथे बांधलेल्या दगडी झोपड्या, वर जायला ६१८ पायऱ्या. १९९६ पासून तो जागतिक वारसा आहे. या प्रवासात मला सगळ्यांत जास्त तेच बघायचं होतं आणि मी तसं फॉर्ममध्ये लिहिलं होतं. आपण लिहिलंत, ‘पोर्टमगी येथे पोचल्यावर तिकीट काढावे.’ त्या बेटावर दिवसाला १८० माणसांनाच उतरू देतात आणि उन्हाळ्यातल्या जागा कित्येक महिने आधी संपतात. पोर्टमगीच्या धक्क्यावर मी अर्धा तास उभा होतो. बोटी गेल्या. माझ्या वयात पुन्हा तिकडे जाणं होईल असं वाटत नाही. याची भरपाई रुपयांत होत नाही, म्हणून ती मागतही नाही.

शेवटचा मुद्दा सगळ्यांत गंभीर आहे. मालिन हेडहून परतताना आपण आम्हाला डेरी, जायंट्स कॉजवे आणि बेलफास्टवरून डब्लिनला यायला सांगितलंत. मालिन हेड बेटाच्या अगदी उत्तर टोकाला असलं तरी ते आयर्लंड प्रजासत्ताकात आहे. डेरी आणि बेलफास्ट युनायटेड किंगडममध्ये. भारतीय पासपोर्टवाल्याला तिथे ब्रिटनचा व्हिसा लागतो, किंवा आयर्लंडच्या व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) अशी नोंद लागते. आमच्या व्हिसावर ती नव्हती, आणि व्हिसाची प्रत आपल्याकडे होती. त्या सीमेवर फाटक नाही, चौकी नाही, म्हणून गाडी सहज पलीकडे जाते आणि चूक कळतही नाही. पण कुठे तपासणी झाली तर बेकायदा प्रवेशाची नोंद आमच्या नावावर राहिली असती, आणि पुढे मुलीकडे जायचा रस्ता बंद झाला असता. शिवाय गाडीच्या भाडेकरारात परवानगीशिवाय उत्तर आयर्लंडमध्ये जायला मनाई होती. मुलीने आदल्या रात्री फोनवर विचारलं, “बाबा, उद्या कुठून येताय?” म्हणून वाचलो. लेटरकेनी, स्लायगो करत सुमारे ४०० किलोमीटरचा रस्ता धरला. गाडी वेळेवर परत करायची म्हणून डोनेगलमधला एक दिवस सोडावा लागला.

आपला एक निर्णय बरोबर होता, तोही नोंदवतो. दक्षिणेकडून उत्तरेकडे जायचं ठरवल्यामुळे, डाव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या त्या देशात समुद्र सतत आमच्या डाव्या हाताला, पत्नीच्या खिडकीत राहिला.

माझ्या मागण्या अशा. नियोजन शुल्काचे ३८,५०० रुपये, तंबूच्या जागांमुळे गेलेले ६४ युरो आणि किन्सेलच्या बुडालेल्या रात्रीचं भाडं ३० दिवसांत परत करावं. तसं न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद आधीच केली आहे.

दुसरी मागणी ३० दिवस थांबू शकत नाही. हाच आराखडा ऑगस्टमध्ये जाणाऱ्या आणखी तीन कुटुंबांना दिला आहे, असं आपल्याच प्रतिनिधीने मला सांगितलं. त्यांना या आठवड्यात लेखी कळवावं : कॉनर पास घेऊ नका, व्हिसावरची नोंद तपासल्याशिवाय डेरीकडे वळू नका, किनाऱ्यावरचे ते चार मुक्काम रद्द समजा. कळवल्याची प्रत मला पाठवावी. पत्नीची वही मी स्कॅन करून सोबत जोडली आहे. पाणी, वीज, कॅसेट, फेरी, गाडी वळवायच्या जागा, सगळं तारखेनिशी त्यात आहे. ती त्या तीन कुटुंबांना द्यायला आमची हरकत नाही, त्याचे पैसे नकोत.

आपला,
निवृत्त एसटी चालक,
चिपळूण

सोबत : शुल्काची पावती, मापांचा ईमेल, आराखड्याची प्रत, कॅम्पसाइटच्या पावत्या, कॉनर पासच्या फलकाचं छायाचित्र, वहीची ४२ पानं.