सल्ला पोचतो तोवर उशीर झालेला असतो

संपादक महोदय,

गरोदर बाईने प्लास्टिकच्या डब्यात गरम जेवण घेऊ नये, असे सांगणारे लेख हल्ली वरचेवर येतात. सल्ला बरोबरच आहे, पण तो पोचतो कधी? माझी उभी नोकरी गर्भवतींच्या तपासणी विभागात गेली. नाव नोंदवायला बाई येते तेव्हा बहुधा तिसरा महिना सरत आलेला असतो. मुलग्याची जननेंद्रिये साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यात घडतात, तीही गर्भाच्याच टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर (हार्मोनवर). प्लास्टिक मऊ करणारी काही थॅलेट्स नेमके हेच संप्रेरक घटवतात, हे उंदरांच्या गर्भात दिसले आहे.

"एवढ्याशाने काय होतंय, सिस्टर?" हे तर रोजचेच. अहो, संप्रेरके मुळात रक्तात असतातच एवढीशी! आणि घडणीचा आठवडा गेला की गेला.

डीईएस या कृत्रिम इस्ट्रोजेनची, म्हणजे बनवलेल्या स्त्री-संप्रेरकाची, गोष्ट आमच्या पिढीला ठाऊक आहे. गर्भपात टळावा म्हणून 1940च्या दशकापासून ते गर्भवतींना दिले जाई. त्याचा उपयोग होत नाही हे 1953 मध्येच चाचणीत दिसले, तरी देणे चालूच राहिले. 1971 मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी 15 ते 22 वर्षांच्या मुलींमध्ये योनीमार्गाचा दुर्मीळ कर्करोग नोंदवला आणि माग निघाला तो आईने घेतलेल्या त्या औषधापर्यंत. ते औषध होते, मात्रा मोठी होती, हे मान्य. पण परिणाम वयात आल्यावर दिसला, हे विसरून कसे चालेल?

युरोपने 2011 मध्ये बाळाच्या दुधाच्या बाटल्यांतून बिस्फेनॉल ए (बीपीए) हे इस्ट्रोजेनसारखे वागणारे प्लास्टिकमधले रसायन काढले. जन्मलेल्या बाळाची सोय झाली. पावतीच्या कागदावर मात्र ते 2020 पर्यंत चालले आणि त्याच्या जागी बऱ्याचदा आले त्याचेच भावंड, बिस्फेनॉल एस. दिवसभर पावत्या फाडणाऱ्या एका गरोदर कॅशियरने मला विचारले होते, "हातमोजे घालू का?" घाल म्हटले, आणि सॅनिटायझरच्या ओल्या हाताने पावती धरू नकोस, त्याने ते कातडीतून जास्त शिरते, हेही सांगितले. एकटीने आणखी काय करायचे होते तिने?

उत्पादकाने पर्यायी रसायन वापरण्याआधी त्याची गर्भावरची चाचणी दाखवावी, आणि वेष्टनावर 'बीपीए-मुक्त' छापताना त्याऐवजी काय घातले तेही छापावे, असा नियम हवा.

– एक निवृत्त परिचारिका