मोजमापाला खेळ ठरवणाऱ्या नोटिशीबाबत शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,

सविनय नमस्कार. तालुक्याच्या गावातील एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात मी बावीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवते आहे. गेल्या सोमवारी मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. अकरावीच्या पहिल्या प्रकरणातील मापनाच्या चार तासिका मी ‘चोर-पोलिसाच्या खेळात’ वाया घालवल्या, असा माझ्यावर ठपका आहे. तो खेळ काय होता, हे नोटीस काढणाऱ्यांनी विचारले नाही, म्हणून आपल्याला सांगते.

प्रयोगशाळेतील तारेचे वेटोळे चोरीला गेले आहे, असा प्रसंग मी रचला. टेबलाखाली तारेचा हातभर तुकडा टाकून ठेवला; त्याची जाडी ज्याच्या तारेशी जुळेल, तो चोर. संशयित म्हणून उभे राहायला तीन सहकारी तयार झाले. त्यांच्या पिशव्यांत २२, २३ आणि २४ गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक) तांब्याची तार होती. या तारांचे व्यास अनुक्रमे सुमारे ०.७१, ०.६१ आणि ०.५६ मिलिमीटर असतात. आमच्या व्हर्निअर कॅलिपरचे लघुतम माप, म्हणजे त्यावर मोजता येणारे सर्वांत लहान अंतर, ०.१ मिलिमीटर असल्याने शेवटच्या दोन तारांतील फरक त्याला कळत नाही, तिथे ०.०१ मिलिमीटरपर्यंत मोजणारा स्क्रू गेजच लागतो. हे मी फळ्यावर लिहिले नव्हते, मुलांनी तासभर वाद घालून शोधले. एका मुलाला स्क्रू गेज मिळालाच नाही, तेव्हा त्याने टेबलाखालचा तो तुकडा पेन्सिलीवर शेजारी शेजारी वीस वेढ्यांत गुंडाळला, साध्या पट्टीने रुंदी मोजली आणि ११ मिलिमीटरहून किंचित जास्त आलेल्या मापाला विसाने भागले.

एका गटाचे वाचन मात्र ०.६१ आले आणि त्यांनी मराठीच्या सरांना चोर ठरवले. शेजारच्या गटाचे ०.५६ होते. दोन्ही गट हटायला तयार नव्हते. शेवटी एका मुलीने मोकळा स्क्रू गेज पूर्ण बंद करून पाहिला, तर तो शून्याऐवजी ०.०५ दाखवत होता. ते वजा करताच दोन्ही वाचने जुळली, आणि ती मुलगी सरांकडे माफी मागायला गेली. शून्य त्रुटीची व्याख्या मी बावीस वर्षे लिहून देत आले; उपकरण तपासले नाही तर निरपराध माणूस दोषी ठरतो, हे माझ्या वर्गाला पहिल्यांदा त्या दिवशी उमगले.

महोदय, तो स्क्रू गेज बिघडलेला होता, कारण आमच्याकडे ७२ मुलांमागे चालू स्थितीतील स्क्रू गेज तीनच आहेत आणि त्यांतील दोन मी पदरच्या पैशाने आणले आहेत. गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनाला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी सर्वांसमोर दिवाळीपर्यंत नवी उपकरणे देण्याचा शब्द दिला होता. दुसरी दिवाळी गेली, मी पाच स्मरणपत्रे पाठवली, एकाचीही पोच आली नाही. नोटीस मात्र त्या तासिकांनंतर नवव्या दिवशी हातात पडली. मतदारयादीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामात माझ्या किती तासिका जातात, याचा जाब मला आजवर कोणी विचारला नाही. चार तासिका मुलांच्या हातात उपकरण दिले, तेव्हा अभ्यासक्रम मागे पडला!

बारावीच्या भौतिकशास्त्रात प्रात्यक्षिकाला ३० गुण आहेत. त्या गुणांसाठी कितीतरी ठिकाणी मुले गेल्या वर्षीच्या जर्नलमधून वाचने उतरवतात आणि उत्तर पुस्तकाशी जुळावे म्हणून आकडे मागे-पुढे करतात, हे आपल्या खात्यात कोणाला ठाऊक नाही? मीही अनेक वर्षे अशा जर्नलांवर सह्या केल्या आहेत, त्याची मला लाज वाटते. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे संविधानाच्या कलम ५१ क मध्ये १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे, आणि आपली व्यवस्था सोळा वर्षांच्या मुलांना पहिला धडा खोटे वाचन लिहिण्याचा देते. जो वर्ग खरे वाचन लिहायला शिकला, त्याच्याच शिक्षिकेला ती जाब विचारते.

ही नोटीस मागे घ्यावी, चार मुलांमागे एक चालू स्क्रू गेज द्यावा आणि प्रात्यक्षिक परीक्षेत मुलाने स्वतः घेतलेल्या, त्रुटीसह नोंदवलेल्या वाचनाला गुण मिळावेत, एवढी माझी मागणी आहे. मला उत्तरासाठी सात दिवसांची मुदत आहे. उत्तरासोबत मी त्या चार तासिकांतील मुलांच्या वह्यांची पाने खाडाखोडीसह जोडत आहे; ०.६१ खोडून ज्या पानावर ०.५६ लिहिले आहे, ते सर्वांत वर ठेवले आहे.

आपली विश्वासू,
भौतिकशास्त्राची एक शिक्षिका