हिरव्या रंगाचं उत्तर

कल्व्हर सिटी, कॅलिफोर्निया
२० डिसेंबर

तीर्थस्वरूप नानाकाका यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि काकू मधे बसून निम्मं गाळून सांगते, म्हणून शेवटी कागद घेतला. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, भिंग लागू नये.

दिवाळीत तुम्ही विचारलं होतंत, "त्या इंग्रजी सिनेमातल्या चेटकिणीच्या तोंडाला हिरवा रंग कसला लावला असेल गं?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण तो सिनेमा, 'द विझर्ड ऑफ ऑझ', ज्या स्टुडिओत झाला, त्याच्या भिंतीवरून माझी रोजची बस जाते. तेव्हा तो एमजीएम कंपनीचा होता, आता सोनीचा आहे. मग वाचत गेले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात द्यायचं तर तांबं. त्या रंगात तांब्याचा अंश होता.

मार्गारेट हॅमिल्टन हे चेटकिणीचं काम करणाऱ्या बाईंचं नाव. २३ डिसेंबर १९३८ ला, म्हणजे तीन दिवसांनी येतेय त्याच तारखेला, चेटकीण धुरात आणि जाळात गडप होते तो प्रसंग चालला होता. त्यांच्या पायाखालची फळी खाली जायची आणि मग जाळ उठायचा, असं ठरलेलं. एकदा जाळ आधी उठला. टोपी आणि झाडू पेटला, तोंड भाजलं, हात त्याहून जास्त भाजला. आता खरी गोष्ट ऐका. तांब्यामुळे तो रंग भाजल्या कातडीवर ठेवून चालणार नव्हतं, आणि उतरायचा तो फक्त अल्कोहोलने. तुम्ही आयुष्यभर लोकांच्या तोंडाचे रंग उतरवलेत, त्यामुळे पुढचं मी लिहीत नाही.

सहा आठवड्यांनी त्या परत कामावर आल्या. म्हणाल्या, काम करीन, पण आगीजवळ जाणार नाही. म्हणून धूर सोडणाऱ्या झाडूवर त्यांच्या बदली दुसऱ्या बाईंना बसवलं, तर त्या झाडूचाच स्फोट झाला आणि त्यांच्या पायाला इजा झाली.

पण मला तुमची आठवण आली ती त्याच सिनेमातल्या पत्र्याच्या माणसावरून. ती भूमिका आधी बडी एबसेन करत होता. पांढऱ्या थरावर ॲल्युमिनियमची बारीक पूड मारायचे. दहाएक दिवस शूटिंग झालं आणि एका रात्री त्याला श्वासच घेता येईना. दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. पूड छातीत गेलेली! स्टुडिओने काय केलं, तर जॅक हेली नावाचा दुसरा नट आणला. त्याला पहिल्याचं काय झालं ते सांगितलं नाही, पुडीऐवजी लेप लावायला घेतला तेवढंच. त्या लेपाने हेलीच्या डोळ्याला त्रास झाला तो वेगळाच. एबसेन पडद्यावर कुठेच नाही, पण सगळ्यांनी मिळून म्हटलेल्या एका गाण्यात त्याचा आवाज अजून ऐकू येतो म्हणे.

काका, चौथीच्या स्नेहसंमेलनात मी चंद्र झाले होते, आठवतंय? मला तोंडाला चंदेरी रंग हवा होता. हार्डवेअरच्या दुकानातला छोटा डबा मी स्वतःच्या पैशांनी आणला होता. तुम्ही तो वास घेऊन बाजूला ठेवलात, सफेदा लावलात आणि कपाळावर चॉकलेटचा चांदीचा कागद चिकटवलात. मी विंगेत रडले. सफेद्यावरून ओघळ आले ते तुम्ही परत सारखे केलेत, पण डबा काही उघडला नाहीत. इतकी वर्षं मी ती गोष्ट तुमच्या हट्टीपणाचा दाखला म्हणून सांगत आलेय.

बाकी त्या सिनेमाचं म्हणाल तर नुसता सावळा गोंधळ. पहिल्या दिग्दर्शकाला, रिचर्ड थॉर्पला, दोन आठवड्यांत काढलं आणि त्याचं काम मोडीत. मग थोडे दिवस जॉर्ज क्यूकर आला. त्याने एकच केलं पण मोलाचं. नायिका जूडी गार्लंडला पिवळा टोप घालून बाहुलीसारखं रंगवलं होतं, ते सगळं उतरवायला लावलं. (सोळा वर्षांची मुलगी लहान दिसावी म्हणून तिची छातीही आवळून बांधत, ते मात्र सुटलं नाही.) मग व्हिक्टर फ्लेमिंग. तो फेब्रुवारी १९३९ मध्ये 'गॉन विथ द विंड' हा दुसरा सिनेमा सावरायला गेला, जिथून क्यूकरलाच काढलं होतं! उरलेला, शेतावरचा तपकिरी भाग किंग व्हिडॉरने काढला. म्हणजे जगाला पाठ असलेलं ते इंद्रधनुष्याचं गाणं त्याच्या हातचं, आणि नाव लागलं फ्लेमिंगचं. आपल्याकडे स्पर्धेच्या नाटकाला दोन दिग्दर्शक झाले तरी भांडण चहावाल्यापर्यंत जातं.

तेच गाणं आधी कापलंही होतं. सिनेमा रेंगाळतो म्हणे. भांडून परत घातलं आणि त्याला ऑस्कर मिळालं.

सिंहाचं काम करणाऱ्याच्या अंगावर खऱ्या सिंहाची कातडी, चाळीस किलोच्या घरात. त्या काळच्या रंगीत फिल्मला प्रकाश इतका लागायचा की दिव्यांखाली भट्टी व्हायची. आणि फुलांच्या शेतात बर्फ पडतो ना, ते ॲस्बेस्टॉस. आपल्या न्हाणीवरच्या सिमेंटच्या पत्र्यात घालतात तेच, नटांच्या डोक्यावर वरून भुरभुरवलेलं. तेव्हा सिनेमांत सर्रास वापरत. कुत्र्याला आठवड्याला १२५ डॉलर आणि ठेंगू माणसांची कामं करणाऱ्यांना ५०, हेही जाता जाता सांगते.

एवढं करून जवळजवळ २८ लाख डॉलर खर्च झाला आणि पहिल्या फेरीत पैसे बुडाले. १९४९ ला परत लावला तेव्हा कुठे वसूल झाले. १९५६ पासून टीव्हीवर यायला लागला, तेव्हा घराघरांत गेला.

रविवारी इथल्या सिनेमाच्या संग्रहालयात जाऊन त्यातले लाल बूट पाहिले. कादंबरीत ते चांदीचे आहेत, रंगीत पडद्यावर उठून दिसावेत म्हणून लाल केले. जवळून पाहिले तर चांगलेच गडद, जुन्या शालूच्या पदरासारखे. काचेभोवती ही गर्दी. हिरव्या रंगाची डबी मात्र कुठे दिसली नाही, मी तेवढ्यासाठी दोन चकरा मारल्या.

मग घरी येताना इथल्या नाटकवाल्यांच्या दुकानातून एक हिरवा रंग घेतला, पाण्याने उतरणारा. तुमच्यासारखाच आधी डाव्या मनगटावर लावला आणि रात्रभर ठेवला. सकाळी ऑफिसात दोघांनी विचारलं, लागलंय का म्हणून. खाज नाही, पुरळ नाही. जानेवारीत दादा येतोय, त्याच्याबरोबर डबी पाठवते. कोणाच्या तोंडाला लावाल ते कळवा.

काकूस नमस्कार, छोट्यांस आशीर्वाद.

तुमची,
चिमी

ता. क. काकूला सांगा, तिने सांगितलेली गुडघ्याची पट्टी मिळाली, पण माप दिलं नव्हतं. सुतळीने मोजून पाठवा.