शिष्यवृत्तीबरोबर रात्रपाळीही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकाचे मोठे पान वरून खाली फाडून पाहा (हे पत्र वाचून झाल्यावर). पट्टी लावल्यासारखे सरळ फाटते. तेच पान आडवे फाडले की चीर वाट सोडते, दातेरी होते, कुठल्या कुठे निघून जाते. कागदयंत्राच्या धावत्या जाळीवर पातळ लगदा पडतो तेव्हा बहुतेक तंतू जाळी धावते त्या दिशेला लोळतात आणि तसेच वाळतात. पुढे छपाई यंत्रातही कागद त्याच दिशेने पळतो. कागद गिरण्यांत चौतीस वर्षे काढल्यामुळे पेपर हातात आला की आधी त्याचा कोपरा फाडून बघायची खोड मला अजून आहे. घरात त्यावरून बोलणी खातो, कारण शब्दकोडे नेमके त्याच कोपऱ्यात असते.

हे सांगायचे निमित्त आपली करिअर पुरवणी. अभियांत्रिकीच्या शाखांची तिथली यादी लांबलचक होती, पण लगदा व कागद तंत्रज्ञानाचे नाव तीत कुठेच नव्हते. यादी करणाऱ्याला मी दोष देत नाही. अशी शाखा असते हे त्याला कुणी सांगितलेच नसणार. मलाही पहिल्या वर्षाच्या परीक्षेपर्यंत ठाऊक नव्हते. दुसऱ्या शाखेत जागा उरली नाही म्हणून इकडे ढकललो गेलो आणि इथेच रमलो.

‘आता सगळे पेपरलेस होणार, मग हे शिकून काय करायचे?’ हा प्रश्न मला लग्नकार्यातसुद्धा विचारतात. छपाईचा कागद कमी होतो आहे, हे खरेच. पण असे विचारणाऱ्याच्या दारात येणारे प्रत्येक पार्सल पुठ्ठ्याच्या खोक्यात असते, हात पुसायला टिश्यू असतो आणि अंगातला शर्ट व्हिस्कोसचा असेल तर तोही लाकडाच्या लगद्यातूनच आलेला असतो. शिवाय हा धंदा नुसता कागद लाटायचा नाही. डायजेस्टरमध्ये, म्हणजे दाबाखाली शिजवायच्या मोठ्या भांड्यात, लाकडाच्या चिपा कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडबरोबर १७० अंश सेल्सियसच्या आसपास शिजतात. लाकडाचे तंतू एकमेकांना चिकटवून ठेवणारे लिग्निन विरघळून जे काळे पाणी निघते, ते दाट करून रिकव्हरी बॉयलरमध्ये जाळतात. त्यातून वाफ मिळते, वीज मिळते आणि वापरलेली रसायनेही बरीचशी परत हाती येतात. त्या बॉयलरच्या तळाशी वितळलेल्या क्षारांचा लालभडक रस असतो. एखादी नळी फुटून त्यावर पाणी पडले तर स्फोट होतो. तिथे उभे राहणाऱ्याला नुसते रसायनशास्त्र येऊन भागत नाही आणि नुसता अनुभवही पुरत नाही. माझ्या बरोबरीचे लोक एकेक करून निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोण उभे राहणार, ही आमच्या धंद्यातली खरी चिंता आहे.

या विद्यार्थ्यांना मदत व्हावी असे म्हटले की सगळे माना डोलावतात आणि सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला एक शिष्यवृत्ती जाहीर करतात. समारंभ होतो, फोटो निघतो. शुल्काला हातभार लागतो, हे मी नाकारत नाही. पण पहिला आलेला मुलगा तसाही कुठे ना कुठे तरतोच. आमच्याकडची मुले गळतात ती दुसऱ्या वर्षात, आणि बहुतेक वेळा गळण्याचे कारण अभ्यासक्रमात नसते. प्रशिक्षणाचे पत्र हातात येते आणि त्यात लिहिलेले असते, ‘राहण्याची सोय आपली आपण करावी. विद्यावेतन दिले जाणार नाही.’

कागद गिरण्या पाण्याकाठी, जंगलाच्या आसऱ्याने उभ्या राहिल्या. शहरापासून लांब. तिथे बारा आठवडे राहायचे म्हणजे खोली, जेवण, येणे-जाणे आणि पोलादी टोपीचे सेफ्टी बूट, सगळे खिशातून. ज्याच्या घरून पैसे येतात तो जातो. बाकीचे सुटीत कुठे तरी चार पैसे कमवतात आणि पुढच्या वर्षी शाखा बदलतात. मग गिरणीवाले सभेत तक्रार करतात की शिकलेली मुले मिळत नाहीत.

माझे स्वतःचे प्रशिक्षण कसे झाले ते सांगतो. गिरणीचे नाव घेत नाही. सहा आठवडे मला एका खोलीत बसवून गेल्या वर्षीच्या कापा नंबरांची नोंद एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवायला लावली. कापा नंबर म्हणजे शिजलेल्या लगद्यात लिग्निन किती उरले याचे माप. परमँगनेट घालून काढतात. मी हजारभर आकडे उतरवले, पण परमँगनेटचा जांभळा रंग एकदाही पाहिला नाही. यंत्रावर जायची परवानगी मागितली तर ‘विमा नाही’ असे उत्तर मिळाले. शेवटी प्रमाणपत्र मात्र दिले, ‘प्रशिक्षण समाधानकारकरीत्या पूर्ण’, तेही झकास बाँड पेपरवर.

म्हणून पुढे माझ्या हाती यंत्र आले तेव्हा मी ठरवले की येणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यातच रात्रपाळी द्यायची. रात्री साहेब नसतात, फोरमन मोकळेपणी बोलतो आणि चुकाही रात्रीच जास्त होतात. असेच एकदा एक मुलगी आली. येण्याआधी तिने पत्र लिहून विचारले होते की खोलीची काही व्यवस्था होईल का, नाही तर येता येणार नाही. व्यवस्था केली. भाडे कोणत्या खात्यातून दिले ते तेव्हा कुणाला सांगितले नव्हते.

ती आली त्या सुमारास आमचा कागद चार दिवस सारखा तुटत होता. भोंगा वाजायचा, सगळे धावायचे, टेल, म्हणजे कागदाची अरुंद पट्टी, कापून पुन्हा यंत्रावर चढवायची, तास-दोन तास यंत्र बरे चालायचे आणि परत भोंगा. आम्ही जाणती माणसे प्रेसची, म्हणजे ओला कागद पिळणाऱ्या रुळांची, ओढ कमी-जास्त करून पाहत होतो. एक फेल्टसुद्धा बदलला, म्हणजे ओला कागद प्रेसमधून वाहून नेणारे जाड कापड. ही मुलगी मात्र तुटलेल्या कागदाच्या ढिगात बसून तुकडे निवडत होती. फोरमन म्हणाला, ‘पोर रद्दी गोळा करतेय.’ पहाटे तिने माझ्यासमोर सात तुकडे ठेवले. प्रत्येकात चण्याएवढे भोक आणि भोकाच्या कडेला तपकिरी, तेलकट दिसणारा डाग. प्रयोगशाळेत तिने त्या डागांवर निनहायड्रिनचे द्रावण टाकले आणि तुकडे गरम ओव्हनमध्ये ठेवले. थोड्याच वेळात कडा जांभळ्या झाल्या. प्रथिने असली की निनहायड्रिन असा रंग देते. म्हणजे तो स्लाइम होता, जिवाणूंचा चिकटा. पातळ लगदा जाळीवर सोडणाऱ्या पेटीच्या, म्हणजे हेडबॉक्सच्या, ज्या कोपऱ्यात प्रवाह पोचत नाही तिथे तो वाढत होता आणि गोळ्या-गोळ्यांनी सुटून कागदात येत होता. हेडबॉक्समधून जाळीवर जे पडते त्यात ९९ टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. कोमट पाणी, स्टार्च, तंतू. जिवाणूंना आणखी काय हवे? यंत्र थांबवून कॉस्टिकने बॉइल-आउट केले, म्हणजे गरम द्रावण फिरवून आतून धुतले, आणि तुटणे थांबले.

निनहायड्रिनची बाटली आमच्याच कपाटात होती. सीलसुद्धा फोडलेले नव्हते. तिच्या डोक्यात प्रयोगशाळेचा धडा ताजा होता आणि समोर खरा तुटका कागद होता. या दोन गोष्टी एका माणसात एकत्र याव्यात, एवढ्यासाठीच प्रशिक्षण असते. ती मुलगी खोलीभाड्यावाचून घरी राहिली असती तर आम्ही आणखी एखादा फेल्ट बदलला असता.

यात नवे शोधून काढायचे काही नाही. अमेरिकेत ॲपल्टन इथे १९२९ साली गिरणीवाल्यांच्या पाठबळावर कागद रसायनशास्त्राची संस्था निघाली. सहारनपूरची कागद तंत्रज्ञान संस्था १९६४ मध्ये स्वीडनच्या मदतीने उभी राहिली. आज ती आयआयटी रुरकीचा भाग आहे. अमेरिकेतल्याच मेन राज्यातल्या विद्यापीठाचे लगदा व कागद प्रतिष्ठान तर १९५० पासूनचे. कंपन्या आणि माजी विद्यार्थी त्यात पैसे घालतात. त्यातून शिष्यवृत्त्या दिल्या जातात आणि मुलांना गिरण्यांत पगारी प्रशिक्षणही मिळते. मला यातले दुसरे काम पहिल्याइतकेच मोलाचे वाटते, खरे तर थोडे जास्तच.

म्हणून देणगी देणाऱ्यांना आणि गिरणीवाल्यांना माझे मागणे साधे आहे. पैसे दुसऱ्या वर्षाच्या सुटीसाठी ठेवा. त्यात विद्यावेतन, खोली, बूट आणि विमा, सगळे धरा. गुणांची अट ढिली करा. पास झालेला आणि यायला तयार असलेला विद्यार्थी पुरे. त्याला एका फोरमनच्या हवाली करा आणि त्या फोरमनलाही या कामाचे काही द्या, कारण शिकवताना त्याचे काम दुप्पट होते. आणि प्रशिक्षणाचा खर्च हिशेबात उघडपणे, स्वतःच्या नावाने दाखवा.

हे शेवटचे मी अनुभवाने लिहितो आहे. ती मुलगी आता दुसऱ्या एका गिरणीत यंत्र सांभाळते. मध्यंतरी तिचा फोन आला. तिच्याकडे दोन विद्यार्थी यायचे होते, राहायला जागा नव्हती आणि वरून मंजुरी मिळत नव्हती. ‘सर, माझ्या वेळी तुम्ही भाडे कुठून दिले होते?’ आता निवृत्त झालो आहे, लपवायचे कशाला? म्हटले, फेल्टच्या खात्यातून.

आपला,
एक निवृत्त कागद अभियंता