समोरच्या कोपऱ्यातल्या सरांना

सर,

माझं नाव तुमच्या लक्षात नसेल. बॉक्सिंगचा ५७ किलो गट, निळा कोपरा, फुटलेला खालचा ओठ, आणि लढत संपल्यावर तुमच्या कोपऱ्यात हात मिळवायला आलेली, रडू दाबून धरलेली मुलगी, एवढं सांगितलं तर कदाचित आठवेल. तुम्ही माझा ग्लोव्ह दोन्ही हातांत धरलात आणि म्हणालात, "जेवण झालं की कॅंटीनमध्ये ये. हात कुठे गेला ते सांगतो."

त्याआधी पाच महिने तुमच्याकडे शिकणाऱ्या याच मुलीशी माझी पहिली लढत झाली होती. दुसऱ्या राउंडमध्ये माझा उजवा सरळ ठोसा लागला आणि रेफ्रींनी लढत थांबवून, तिला सावरायला आठपर्यंत आकडे मोजले. तिसऱ्यात परत आठ मोजले. त्या एका हातावर मी पाच महिने जगले. मग परत ती समोर आली. हात तोच होता, जोर तोच होता, उलट बॅगवर मी आधीपेक्षा जास्त घाम गाळला होता. दहा-बारा उजवे तरी लागले असतील, पण ती जागची हलली नाही. पाचही पंचांनी तिलाच कौल दिला, ५-० ने हरले. आमच्याकडच्यांचं सगळ्यांचं एकच म्हणणं, पोरीचा हात हलका झाला. वजन उतरवताना ताकद गेली, खाणं कमी पडलं, मनात भीती बसली. मलाही ते पटलं होतं. तुम्ही भेटला नसतात तर मी पुढचं वर्षभर नुसती वजनं उचलत बसले असते.

कॅंटीनमध्ये तुम्ही मोबाईलवर डिऑन्टे वाइल्डर आणि टायसन फ्युरी या हेवीवेट बॉक्सरांची लढत लावलीत आणि आधी आवाज बंद केलात. "ठोशाकडे बघू नको, पायांकडे बघ." डिसेंबर २०१८, लॉस एंजेलिस. वाइल्डरच्या नावावर तेव्हा ४० लढती, ४० विजय आणि त्यातले ३९ नॉकआऊट. फ्युरी मागे सरकत, बाजूने फिरत खेळत होता. वाइल्डरला पुढे यायला जागा होती, मागचा पाय रोवायला वेळ होता. नवव्या राउंडमध्ये त्याने फ्युरीला पाडलं, बाराव्यात परत पाडलं. फ्युरी दोन्ही वेळा उठला आणि लढत बरोबरीत सुटली.

मग तुम्ही फेब्रुवारी २०२० ची लास व्हेगासची लढत लावलीत. फ्युरी या वेळी जवळजवळ १२४ किलोचा होऊन आला होता, वाइल्डर १०५ च्या आसपास. घंटा वाजल्याबरोबर फ्युरीने रिंगचा मधला भाग घेतला आणि मागे जाणं वाइल्डरच्या वाट्याला आलं. तुम्ही बोटाने स्क्रीनवर त्याची टाच दाखवलीत. वजन सगळं टाचेवर. ठोशाचा जोर जमिनीतून येतो, मागच्या पायातून कमरेत, कमरेतून खांद्यात आणि मग मुठीत, हे मी पहिल्या दिवसापासून ऐकत आले होते. पण मागे ढकलल्या जाणाऱ्या माणसाचा ठोसा नुसत्या खांद्यातून निघतो, हे त्या टाचेकडे बघताना मला पहिल्यांदा कळलं. आणि मिठीत आला की फ्युरी त्याच्या मानेवर अंग टाकत होता, त्या वजनाने पाय आणखी जड होत होते. तिसऱ्या आणि पाचव्या राउंडमध्ये वाइल्डरच खाली गेला. सातव्यात त्याच्या कोपऱ्यातून लढत थांबवायचा टॉवेल आला. रिंगमध्ये येताना घातलेला जड पोशाख पायांना भोवला, असं वाइल्डर नंतर म्हणाला. पोशाखाने थोडाफार फरक पडलाही असेल, पण मला तुमची टाच जास्त पटते.

"मग माझ्या बाबतीत काय झालं?" असं मी विचारलं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. माझ्या कपाळावर तळहात टेकवून हलकंच ढकललंत. मान हलली नाही. मग दाराकडे बोट केलंत, मी वळून बघितलं, आणि तेवढ्याच जोराने परत ढकललंत. डोकं एकदम मागे गेलं. शेजारच्या टेबलावरची मुलं बघायला लागली, पण मला दुसरं काही सांगायची गरज उरली नव्हती. ठोसा येताना दिसला की मान आवळली जाते, हनुवटी छातीकडे जाते, डोकं ठोशाबरोबर थोडं मागे जातं. माणूस पडतो तो डोक्याला बसणाऱ्या झटक्याने, आणि तो झटका न दिसलेल्या ठोशाचा जास्त असतो.

मग तुम्ही मला तुमच्या तयारीतलं सगळं उघड करून सांगितलंत, आणि त्याबद्दल मी तुमची आयुष्यभर ऋणी आहे. पहिल्या लढतीचा व्हिडिओ तुम्ही दोघांनी कितीतरी वेळा बघितला होता. उजवा मारायच्या आधी माझा कोपर बाहेर जातो आणि खांदा उचलला जातो, हे तिने पाठ केलं होतं. कोपर हलला की ती अर्धं पाऊल आत येत होती. माझा हात सरळ व्हायच्या आतच ठोसा तिच्यापर्यंत पोचत होता, नाहीतर मानेमागून निघून जात होता. त्यात मी तिन्ही राउंड तोच एक ठोसा शोधत राहिले. जितकी शोधत होते तितका खांदा आखडत होता. माझे आजोबा तालमीतले. एकाच पैलवानाशी दुसऱ्यांदा कुस्ती लागली की पहिला डाव विसरून आखाड्यात उतरायचं, असं ते सांगायचे. मी ते कुस्तीपुरतंच धरून बसले होते.

त्या रात्री एसटीत मी मॅनी पॅकियाओ आणि हुआन मॅन्युएल मार्केझ या बॉक्सरांच्या चारही लढती शोधून काढल्या. २००४ ची तर ५७ किलोचीच, माझ्याच गटातली. पहिल्याच राउंडमध्ये पॅकियाओच्या डाव्या हाताने मार्केझ तीनदा खाली गेला. २००८ मध्ये एकदाच. २०११ मध्ये एकदाही नाही. मधल्या काळात दोघांची वजनंही वाढली होती, त्यामुळे सगळं श्रेय अभ्यासाला देता येणार नाही. पण २०१२ मध्ये सहाव्या राउंडला पॅकियाओ आत आला, मार्केझचा उजवा लागला आणि पॅकियाओ तोंडावर पडला तो उठलाच नाही.

दुसऱ्या लढतीत हात हटकून हलका होतो, असंही तुम्ही मला समजू दिलं नाहीत. बर्मेन स्टिव्हर्न हा बॉक्सर २०१५ मध्ये वाइल्डरसमोर बाराही राउंड टिकला होता, २०१७ मध्ये पहिल्याच राउंडमध्ये संपला. आणि फ्युरीशी तिसरी लढत, ऑक्टोबर २०२१. ती तुम्ही मुद्दाम शेवटी दाखवलीत. चौथ्या राउंडमध्ये वाइल्डरने फ्युरीला परत दोनदा पाडलं. जिंकला फ्युरीच, अकराव्या राउंडला. पण मी स्क्रीनकडे बघत राहिले. हात कुठेही गेला नव्हता. त्याला मधल्या लढतीत वाट मिळाली नव्हती.

"हे सगळं मला का सांगताय?" असं मी निघताना विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "तू सुधारलीस तर आमच्या पोरीलाही आणखी शिकावं लागेल."

सर, गेल्या महिन्यात आमची तिसरी लढत झाली. वर्षभर मी कोपर अंगाला चिकटवून ठेवायला शिकले. पोटावर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, टाकायला शिकले, त्याने तिची नजर खाली जाते. दोन राउंड मी उजवा जवळजवळ मारलाच नाही. तिसऱ्यात पोटावर दोन जॅब, आणि मग वरून उजवा. तिला दिसला नाही. रेफ्रींनी आठ मोजले. लढत तीच जिंकली, ३-२ ने.

हात मिळवायला तुमच्या कोपऱ्यात गेले तर तिथे दुसरे सर होते. तुम्ही आता गावी असता, असं तिने सांगितलं. नंबर मागायचा धीर झाला नाही, म्हणून हे इथे लिहितेय. तुमच्या मुलीच्या गार्डमध्ये, तोंडासमोर धरलेल्या हातांत, उजवीकडे अजून फट राहते, सर. तिलाही मी हे सांगितलंय.

तुमची,
निळ्या कोपऱ्यातली