वाट सोडायची नाही

फोन्सवान, लाओस
१८ नोव्हेंबर

ती. आबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे. परवा फोनवर आवाज तुटत होता आणि आईला नुसतं ‘थंडी आहे’ एवढंच ऐकू गेलं, म्हणून सविस्तर लिहिते. थंडी आहे खरी. हे गाव अकराशे मीटर उंचीवर आहे, सकाळी हँडल धरवत नाही. आबा, तुम्हाला दिलेला शब्द पाळलाय. दिवस मावळला की गाडी बंद.

व्हिएन्तियानला भाड्याने दीडशे सीसीची होंडा घेतली. वांग व्हिएंग, कासी करत फू खूनपर्यंत चढत आले आणि तिथून सात नंबरच्या रस्त्याने पूर्वेकडे वळले. इथे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवतात, पहिला दिवस त्यातच गेला. नंतर नुसती वळणं, धुकं, आणि रस्त्याला लागून उभी लाकडी घरं. भाताची कापणी उरकलीय. खाचरांत पेंढ्याच्या उडव्या आहेत, बांधावर म्हशी. पवनेच्या काठानेच चाललेय असं कितीदा वाटलं.

काल दुपारी मागचं चाक बसलं. वस्ती जवळच होती, एक मुलगा पंक्चर काढायला बसला. आई, एकटीने फिरताना बायकांची अडचण तुला ठाऊक आहे. आडोसा बघून मी रस्ता सोडला आणि आठ-दहा पावलं आत गेले. तेवढ्यात मागून ओरडा आला, “बो! बो! बॉम्बी!” ‘बो’ म्हणजे नाही. वळून बघते तर तुझ्या वयाची एक बाई दोन्ही हात पसरून उभी. मी धावत परत निघाले तर ती आणखी जोरात ओरडली आणि खाली बोट दाखवू लागली. ओल्या मातीत माझे बूट उमटले होते. त्याच ठशांवर पाय ठेवत तिने मला एकेक पाऊल मागे आणलं. रस्त्यावर आल्यावर माझा दंड धरला तो घरात नेईपर्यंत सोडला नाही. तिच्याच न्हाणीत जाऊन आले.

बॉम्बी म्हणजे मोसंबीएवढा धातूचा गोळा, आत पोलादी छर्रे. एकेका मोठ्या नळकांड्यात असे सहाशेच्या वर भरलेले असत. नळकांडं हवेत उघडायचं आणि गोळे गावभर विखुरायचे. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेने या देशावर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. विमानांच्या पाच लाख ऐंशी हजार फेऱ्या! हिशेब केला तर नऊ वर्षं, रात्रंदिवस, दर आठ मिनिटांनी एक विमान. लाओस कागदावर तटस्थ होता, म्हणून अमेरिकेतल्या लोकांनाही हे कितीतरी काळ सांगितलं नव्हतं. सत्तावीस कोटी बॉम्बींपैकी सुमारे आठ कोटी फुटलेच नाहीत. ते मातीत राहिले. युद्ध संपल्यावरही वीस हजारांहून जास्त माणसं त्यांनी मारली किंवा अधू केली, आणि त्यांत मुलं फार, कारण तो चेंडूसारखा दिसतो.

हे आकडे मी येण्याआधी वाचले होते. पण त्या बाईच्या ओट्यावर बसून तिचं शेत बघितलं तेव्हा ते मला कळले. आबा, घरामागे साधारण आपल्या वरच्या खाचराएवढा तुकडा आहे. अर्धा कापलेला, अर्धा गवताने माजलेला. मधून खुंट्या ठोकून लाल दोरी ताणलीय. दोरीच्या अलीकडचं साफ झालंय, पलीकडचं व्हायचंय. पलीकडे तिचा नवरा गेला. नांगरताना नाही, थंडीत शेकोटी पेटवली होती. वीतभर खाली पडलेला बॉम्बी वरच्या धगीने फुटतो. तिची नात फोनवर भाषांतर करून हे सांगत होती. मला तुम्ही चैत्रात राब भाजता ते दिसलं. पालापाचोळा, शेण पसरून तुम्ही जाळ लावता आणि आम्ही पोरं त्या धगीजवळ बसून असायचो.

मग तिने जेवायला बसवलं. वेताच्या टोपलीत चिकट भात, तो हाताने गोळा करून मिरचीच्या चटणीला लावून खायचा. आमचा इंद्रायणीही चिकट असतो असं मी सांगितलं, तर तिने विचारलं, “मग तुम्ही तो चमच्याने का खाता?” माझ्या बॅगेतला चमचा तिने बघितला होता.

जमीन साफ करणाऱ्या पथकांत बायका पुष्कळ आहेत, नुसत्या बायकांचीही पथकं आहेत. धातू शोधायचं यंत्र वाजलं की गुडघे टेकून हाताने माती उकरायची. खिळा निघाला तरी तेवढीच काळजी, तेवढाच वेळ. दुपारी कर्ण्यावरून सूचना झाली, सगळे रस्त्यावर थांबले आणि डोंगराआड धाडकन आवाज झाला. सापडलेले गोळे उडवले होते. म्हातारीने मान वर केली नाही, ती भाताचे गोळे करत राहिली. शेतीसाठी साधारण पाव मीटर खोलीपर्यंत जमीन तपासतात. २०१६ मध्ये ओबामा इथे आले आणि या कामासाठी नऊ कोटी डॉलर जाहीर केले. पदावर असताना इथे आलेले ते पहिले अमेरिकन अध्यक्ष. संयुक्त राष्ट्रांनी जगासाठी विकासाची सतरा उद्दिष्टं ठरवली, त्यांत लाओसने आपल्यापुरतं अठरावं जोडलं: न फुटलेल्या बॉम्बपासून सुटका. असले बॉम्ब बंद करण्याचा आंतरराष्ट्रीय करार २०१० पासून लागू आहे. अमेरिका त्यात नाही आणि आपला देशही नाही. ते मला तिथे बसून फार लागलं.

आज बान नापिया गाव बघितलं. तिथे बॉम्बच्या भंगारातलं अॅल्युमिनियम मातीच्या भट्टीत वितळवतात आणि डावाने साच्यात ओततात. दहा आकडे मोजेपर्यंत साचा उघडतो आणि पांढरा लख्ख चमचा बाहेर येतो. कडा कानशीने घासतात. अशा भट्ट्या गावात काही घरांत आहेत. आई, तुझ्यासाठी दोन घेतलेत, वजनाला इतके हलके की हातात काही धरलंय असं वाटत नाही. बॉम्बच्या उभ्या टरफलांचे इथे कुंपणाचे खांब करतात, आडव्या टरफलांत माती भरून कांद्याची पात लावतात. म्हातारीच्या दारातही तशी पात होती, तिनेच चार काड्या खुडून चटणीत टाकल्या.

उद्या थाम पिउची गुहा. विमानं चुकवायला लोक आत राहत होते. २४ नोव्हेंबर १९६८ ला आत रॉकेट शिरलं आणि ३७४ माणसं गेली. एक दिवस तिथे थांबेन, मग परतीची वाट. मळलेली वाट सोडायची नाही, हे आता तुम्ही बजावायची गरज नाही.

निघताना म्हातारीने एक प्रश्न विचारला आणि मला उत्तर आलं नाही. आबा, आपला नांगर किती खोल जातो? तिला नातीच्या फोनवर कळवायचंय.

तुमची,
सुमी